ज्वरमुक्तीनंतरचे हृदय

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविड-१९ ची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्यानंतर ‘आपणास कोविड झाला होता का?’ हा प्रश्न अनेक चिकित्सालयांतून हळूहळू मागे पडला. माझ्या मते तो रुग्णपत्रकावरून इतक्यात पुसून टाकणे रुग्णहिताचे नाही. या व्याधीचा हृदय व रक्तवाहिन्यांवरील परिणाम ज्वराबरोबर संपतोच असे नाही.

कोविडची ओळख फुप्फुसांचा विकार म्हणून झाली. परंतु हा विषाणू एसीई-२ नावाच्या ज्या रिसेप्टरद्वारे पेशीत शिरतो, तो हृदयात व रक्तवाहिन्यांतही असतो. रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराला येणाऱ्या शोथाची नोंद झुरिच येथील तज्ज्ञांनी एप्रिल २०२० मध्येच ‘द लॅन्सेट’मधून प्रसिद्ध केली होती. हा अंतःस्तर निरोगी असेतो रक्त प्रवाही राहते. तो दुखावला की गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते.

‘नेचर मेडिसिन’मध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेला डॉ. झियाद अल-अली व सहकाऱ्यांचा अभ्यास या संदर्भात पाहण्याजोगा आहे. अमेरिकेतील १,५३,७६० कोविडबाधित माजी सैनिकांच्या नोंदी त्यात तपासल्या आहेत. पहिले तीस दिवस वगळता पुढील वर्षभरात त्यांच्यात हार्ट फेल्युअरचा धोका ७२ टक्के, हृदयविकाराच्या झटक्याचा ६३ टक्के व पक्षाघाताचा ५२ टक्के अधिक आढळला. टक्केवारीने घाबरून जाऊ नये. दर हजारी हिशेब केला तर हार्ट फेल्युअरचे सुमारे १२ व पक्षाघाताचे सुमारे ४ रुग्ण जादा, असा त्याचा अर्थ होतो. या अभ्यासात वयस्क पुरुषांचा भरणा अधिक होता, हेही ध्यानी घ्यावे. तथापि, ज्यांना रुग्णालयात दाखलही व्हावे लागले नाही, त्यांच्यातही धोका काही अंशी वाढलेला दिसला.

आपल्या देशात तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंची चर्चा झाली आणि दोष सरसकट लसीवर ठेवला गेला. लसींचे दुर्मीळ दुष्परिणाम नाकारण्याचे कारण नाही. परंतु भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मधील अभ्यासात, १८ ते ४५ वयोगटात लसीमुळे अशा मृत्यूंचा धोका वाढल्याचे आढळले नाही. कोविडमुळे रुग्णालयात दाखल झाल्याचा पूर्वेतिहास, कुटुंबातील आकस्मिक मृत्यू, मृत्यूपूर्वीचे अति मद्यपान व अतिश्रमाचा व्यायाम यांचा संबंध मात्र आढळला.

येथे आपल्या शास्त्राचे स्मरण होते. ज्वर उतरल्यावरही बल परत येईपर्यंत व्यायाम वर्ज्य करावा, असे चरकाचार्यांनी ज्वरचिकित्सेत स्पष्ट सांगितले आहे. हृदयाची गणना त्यांनी तीन प्रधान मर्मांत केली आहे. संहितांत कोविड शोधण्याची गरज नाही. पण ज्वरमुक्त आणि बलवान या दोन अवस्था भिन्न आहेत, हा विवेक आपण रुग्णास देऊ शकतो. ताप जाऊन आठवडा होत नाही तोच व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणास थांबविणे, हे वैद्याचेच काम आहे.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे की, धाप, धडधड किंवा अकारण थकवा घेऊन आलेल्या रुग्णास कोविडचा इतिहास विचारावा; नाडीपरीक्षणासोबत रक्तदाब मोजावा; आवश्यक तेथे ईसीजी करवून घ्यावा. छातीत दुखणे, अचानक दम लागणे, एकाच पायास सूज येणे, बोलणे अडखळणे अशा लक्षणांत औषधयोजनेत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

दुसरा मुद्दा औषधांचा. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेत असलेल्या रुग्णास लसूण, गुग्गुळ यांचे कल्प मोठ्या मात्रेत दिल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. कोविडकाळात घरोघरी शिजलेल्या काढ्यांत अनेकदा ज्येष्ठमधही असे. ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. मूत्रल औषधे किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्या हृद्रोग्यास ही गोष्ट घातक ठरू शकते. आपले द्रव्य सौम्य आहे म्हणून ते सर्वांस निरपवाद आहे, ही समजूत द्रव्यगुणशास्त्राशीही विसंगत आहे.

औषधालयचालकांची जबाबदारीही कमी नाही. काढ्याची बाटली देताना ‘रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का?’ एवढे विचारावयास अर्धा मिनिटही लागत नाही. ‘कोविडनंतर हृदयाचे संपूर्ण रक्षण’ अशा धर्तीच्या जाहिराती दुकानात लावू नयेत. हृद्रोग व रक्तदाब यांवरील औषधांच्या जाहिरातींस १९५४ च्या औषधे व जादुटोणाविषयक आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने बंदी आहेच. पण कायदा नसता तरीही हृदयविकाराच्या भीतीवर व्यापार करणे आपल्या परंपरेस शोभले नसते.

आयुर्वेदाची प्रतिष्ठा मोठ्या दाव्यांनी वाढणार नाही. वेळेवर विचारलेला प्रश्न, मोजलेला रक्तदाब आणि योग्य क्षणी दिलेली चिठ्ठी यांनी एखादा रुग्ण वाचला, तर ती आपोआप वाढेल.