मृत्यूनंतर ते यंत्र कोणाचे?

आमच्या गल्लीतील एका निवृत्त मास्तरांच्या छातीत डिफिब्रिलेटर होता. हृदयाचे ठोके एकाएकी अतिवेगाने, बेताल पडू लागले की मेंदूला रक्त पोचत नाही आणि माणूस काही मिनिटांत जातो. हे यंत्र ती बेतालता ओळखते व आतूनच विजेचा झटका देऊन हृदय ताळ्यावर आणते. छातीत घोड्याने लाथ मारावी तसे वाटते, असे मास्तर सांगत.

मास्तर गेले ते दुसऱ्याच आजाराने. चितेत बॅटरी फुटते म्हणून यंत्र आधी काढले. लाखांची ती वस्तू आज कपाटात एका डबीत आहे आणि तिथेही तिची बॅटरी उतरतच आहे.

१९६६ साली आपले वरिष्ठ सहकारी हृदयाच्या अशाच विकाराने गेले, म्हणून डॉ. मिशेल मिरोव्हस्की या यंत्राच्या मागे लागले. नामांकित तज्ज्ञांनी विरोध केला. शेवटी १९८० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत बाल्टिमोरला ते प्रथम माणसाच्या शरीरात बसले. एवढ्या ध्यासाचे फळ डबीत ठेवायचे?

अमेरिकेत वापरलेले यंत्र दुसऱ्याला बसवीत नाहीत. परंतु तिथे काढलेली, बॅटरी शिल्लक असलेली यंत्रे निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात ८१ गरजू रुग्णांना बसविली गेली. २०१२ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. जंतुसंसर्ग एकालाही नाही. उलट निम्म्याहून अधिक जणांच्या बाबतीत धोक्याच्या क्षणी यंत्र कामास आले.

माझा एक मित्र चिडून म्हणाला, "म्हणजे गरिबाने श्रीमंताचे उतरलेलेच वापरायचे?" प्रश्न बोचरा आहे. सरकारने गरिबाला नवे यंत्र द्यावे हे मलाही मान्य. पण ते मिळेपर्यंत त्याने मरावे काय? दुसऱ्यांची जुनी पुस्तके वाचूनच मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षापर्यंत आलो. त्यातले ज्ञान मला कधी उष्टे वाटले नाही. मात्र पुस्तक जुने आहे हे मला ठाऊक असे. रुग्णालाही तसे स्पष्ट सांगितले पाहिजे, नाही म्हणण्याचा हक्क त्याला पाहिजे. जुने यंत्र नवे म्हणून विकले तर ती शुद्ध लबाडी.

नेत्रदानाचे अर्ज आपण भरतो. त्याच वेळी छातीतल्या यंत्राविषयीही लिहून ठेवायला काय हरकत आहे? निर्णय मुलांवर सोडला की काय होते ते मी पाहिले. मास्तरांच्या मुलाला भीतभीतच विचारले, "दादा, ते यंत्र कुणाला देता येईल का?"

"बाबांची तेवढीच आठवण आहे रे," दादा म्हणाले. मला पुढे बोलवेना.