वकिलाविना उभे राहण्याची किंमत

न्यायालयाचे दरवाजे गरिबाला आणि श्रीमंताला सारखेच खुले आहेत, असे आपल्या देशात मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. आत शिरलेला माणूस हरून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हाती किती रुपयांचा आकडा ठेवला जातो, याविषयी मात्र हीच मंडळी मौन पाळतात.

मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुराज इंडिया ट्रस्ट या संस्थेवर २५ लाख रुपयांचा खर्च एकरकमी बसविला आणि पुढे जनहित याचिका करण्यास तिला मनाई केली. संस्थेने निरनिराळ्या न्यायालयांत ६४ प्रकरणे दाखल केली होती. त्यांपैकी एकातही तिला यश आले नव्हते. बाजू मांडत होते ते संस्थेचे अध्यक्ष, जातीने, वकिलाविना. रक्कम भरली गेली नाही. वसुलीच्या काळात त्यांनी न्यायालयावर केलेल्या आरोपांबद्दल २०२१ मध्ये त्यांना अवमानाचे दोषी ठरविण्यात आले.

चौसष्ट निष्फळ प्रकरणांचे समर्थन कोणी करू नये. न्यायालयाचा वेळ हीदेखील जनतेचीच मालमत्ता आहे आणि तिची उधळपट्टी सोसावी लागते ती रांगेत मागे उभ्या असलेल्या गरीब पक्षकाराला. प्रश्न त्या गृहस्थांच्या शहाणपणाचा नसून आकड्याचा आहे. पंचवीस लाख कोणत्या हिशेबाने? विरुद्ध पक्षाच्या खर्चाची ही भरपाई म्हणावी, तर रक्कम विरुद्ध पक्षाकडे जावयाची नव्हतीच. ती वकिलांच्या कल्याणासाठी असलेल्या न्यासाकडे जमा करावयाची होती. वकील न करता उभ्या राहिलेल्या माणसाने वकिलांच्या कल्याणाचा भार उचलावा, यातील विनोद कोणाच्या ध्यानी आला की नाही, कोण जाणे!

आता दुसरी बाजू पाहावी. खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल भरपाई म्हणून द्यावयाच्या खर्चाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-क ने ३,००० रुपयांची मर्यादा घातली आहे. हा आकडा १९७६ च्या दुरुस्तीचा. व्यापारी दाव्यांपुरती ती मर्यादा २०१५ मध्ये उठली, इतकेच. विधि आयोगाने २०१२ मध्ये ती एक लाखावर न्यावी असे सुचविले होते. दिल्लीतील मालमत्तेच्या एका वादात तेथील उच्च न्यायालयाने ४५ लाख २८ हजारांचा खर्च हरलेल्या पक्षावर लादला, तेव्हा २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो हुकूम रद्द केला: नियमांत जे बसत नाही ते देता येत नाही. निर्णय उचितच होता. परंतु मालमत्तेच्या वादात ज्या न्यायालयाला नियमांची चौकट इतकी पवित्र वाटते, त्याच न्यायालयाला रिट याचिकेत कोणतीच चौकट दिसू नये? ‘रिट अधिकारक्षेत्राला ही संहिता लागू नाही,’ हे कायदेपंडितांचे उत्तर तयारच असते. म्हणजे मूलभूत हक्क मागावयास गेलेल्या नागरिकाला तेवढेच संरक्षण नाही!

आकडा किती लवचिक असतो, हेही पाहण्यासारखे आहे. ५जी तंत्रज्ञानाविरुद्धच्या दाव्यात जून २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभिनेत्री जुही चावला व त्यांच्या सहवादींवर २० लाखांचा खर्च बसविला. अपिलात वरिष्ठ वकील उभे राहिले आणि जानेवारी २०२२ मध्ये २० चे २ लाख झाले. ते झाले हे बरेच झाले. परंतु ज्याच्यापाशी अपिलाची ऐपत नाही, त्याचे वीस लाख वीसच राहतात. एकच रक्कम एकाला नुसती अप्रतिष्ठा असते आणि दुसऱ्याचे घर लिलावात काढते.

जातीने उभा राहणारा पक्षकार हा बहुधा हौशी माणूस नसतो. नोकरीवरून काढलेला कामगार, घरमालकाने बाहेर काढलेला भाडेकरू, मोबदल्याची वाट पाहणारा प्रकल्पग्रस्त: यांना वकिलाची फी परवडत नाही, म्हणून ते स्वतःचे कागद स्वतः घेऊन येतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने न्यायाधिकरणात विरुद्ध पक्षाच्या संमतीशिवाय वकिलाला प्रवेश नाकारला होता आणि संघटनेच्या प्रतिनिधीला उभे राहू दिले होते. पैशाने तराजू झुकू नये, हे त्यामागील साधे तत्त्व होते. उलट मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नियम केले, त्यांनुसार स्वतःची बाजू मांडू इच्छिणाऱ्याची आधी समितीपुढे छाननी होते. मोफत कायदेसाह्याचे अभिवचन देणारा अनुच्छेद ३९-क संविधानात १९७६ च्या दुरुस्तीने आला. ते साह्य पदरात पडले नाही म्हणून जो एकटा आला, त्याच्यावर लाखांचा बोजा टाकणारे राज्य नेमकी कोणाची चूक कोणाकडून वसूल करते?

हरलेल्याचे उत्पन्न तपासल्याशिवाय, हिशेब लेखी मांडल्याशिवाय आणि कायद्याने घातलेल्या मर्यादेच्या आत राहिल्याशिवाय असा एकरकमी हुकूम होता कामा नये, ही मागणी पक्षाच्या शाखांनी आणि कामगार संघटनांनी लावून धरली पाहिजे. ‘मग निरर्थक याचिका थांबवावयाच्या कशा?’ असा आक्षेप येईल. त्या पहिल्याच सुनावणीत फेटाळण्याचा अधिकार न्यायालयापाशी आजही आहे. त्यासाठी कोणाला कंगाल करण्याची गरज पडत नाही.

आणि निरर्थक तरी कशाला म्हणावयाचे? छत्तीसगडमधील गोंपाड व आसपासच्या गावांत २००९ मध्ये झालेल्या आदिवासींच्या हत्यांची स्वतंत्र चौकशी व्हावी, एवढेच हिमांशु कुमार यांनी मागितले होते. सहयाचिकाकर्ते मृतांचे नातलग होते. तेथे वकील होते, तरीही १४ जुलै २०२२ रोजी याचिका फेटाळली गेली आणि हिमांशु कुमार यांच्यावर पाच लाखांचा खर्च बसला. मुदत होती चार आठवड्यांची. आपण हे पैसे भरणार नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले.