घरात काय आहे?

मागच्या महिन्यात ईशाच्या नमाजनंतर एका बहिणीचा फोन आला. आवाज दबलेला होता. "चाचा, हे पाच महिन्यांपासून घरीच आहेत. जुम्याच्या नमाजला शेवटच्या रांगेत उभे राहतात आणि सलाम फिरवला की लगेच निघून येतात. 'सध्या काय चाललंय?' असं कुणी विचारू नये म्हणून. एकदा येऊन बोला ना त्यांच्याशी. पण रागावू नका."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. माणूस अडतीस वर्षांचा. गोंदियातील एका राइस मिलमध्ये चौदा वर्षे नोकरी केलेला. मिल दुसऱ्याच्या ताब्यात गेली, नव्या मालकाने स्वतःची माणसे आणली आणि याला हिशेब करून घरी पाठवले. सुरुवातीला तो आठ-दहा मिल फिरला. सगळीकडे एकच उत्तर मिळाले, "सीझन सुरू झाला की या." मग त्याने फिरणे सोडले. मग बोलणेही सोडले.

मी मान्य करतो की सुरुवातीला मीही तेच केले जे सगळे करतात. उपदेश! सब्र करा, हिंमत ठेवा, अल्लाह रज्जाक आहे. तो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी एवढेच म्हणाला, "चाचा, सब्र तर करतोच आहे. पण मला मिलशिवाय दुसरं काही येत नाही."

घरी परतताना मला एक हदीस आठवली आणि माझे काय चुकले ते कळले.

माननीय अनस (र.) यांनी सांगितलेली ही घटना अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. अन्सारपैकी एक गरजू माणूस प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागायला आला. प्रेषितांनी त्याला ना उपदेश केला, ना हातावर पैसे ठेवले. त्यांनी विचारले की घरात काही आहे का? होते ते एवढेच: अर्धे पांघरायचे आणि अर्धे अंथरायचे एक जाड कापड आणि पाणी प्यायचा एक लाकडी प्याला. प्रेषितांनी दोन्ही वस्तू मागवल्या आणि सोबत्यांसमोर बोली लावली. एकाने एक दिरहम सांगितला. प्रेषितांनी अधिक कोण देतो, असे पुन्हा विचारले आणि दोन दिरहम आले. ते त्या माणसाला देऊन सांगितले की एका दिरहमचे धान्य घेऊन घरी दे आणि दुसऱ्याची कुऱ्हाड घेऊन ये. कुऱ्हाडीला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला. मग लाकडे तोडून विकायला पाठवले आणि पंधरा दिवस तोंड दाखवू नकोस असे बजावले. तो परत आला तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते.

आज ज्याला करिअर मार्गदर्शन म्हणतात आणि ज्यासाठी मोठ्या शहरांत हजारो रुपये मोजले जातात, त्याचे टप्पे या एका घटनेत आहेत. आधी हाताशी काय आहे त्याची मोजणी. मग घरच्यांच्या पोटाची सोय. मग अवजार. मग ठरलेली मुदत आणि शेवटी परत येऊन हिशेब. बेरोजगार माणसाला आपण बहुतेक वेळा यातले काहीच देत नाही. फक्त शब्द देतो.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी विचारले, "मिलमध्ये सकाळी गेल्यावर पहिलं काम काय करायचास?"

तो जरा सावरून बसला. "आवाज ऐकायचो. एलिव्हेटर, शेलर, पॉलिशर, सगळ्यांचे आवाज वेगळे. बेअरिंग गेलेलं असेल तर दुरून कळतं. पट्टा ढिला असेल तर तेही." मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहीत गेलो. बेअरिंग बदलणे, पट्टे बसवणे, ग्रीसिंग, मोटारचे कनेक्शन, स्टार्टरची दुरुस्ती. जळालेली मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे तोच घेऊन जायचा आणि तिथे बसून बघायचा. आतून त्याची पत्नी म्हणाली, "आणि मोहल्ल्यातले पंखे, पाण्याच्या मोटारी कोण दुरुस्त करतं? तेही लिहा. फुकटच करतात, पण करतात ना!"

ओळी मोजल्या. अकरा झाल्या. ज्याला 'काही येत नव्हते' त्याला अकरा कामे येत होती.

आता ही अकरा कामे कुणाला हवी आहेत? आपला जिल्हा धानाचा. भंडाऱ्यापासून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला तरी ओळख तीच राहिली. उन्हाळी धान घेणारा शेतकरी पंपावर अवलंबून असतो. व्होल्टेज कमी-जास्त झाले की मोटार जळते आणि दोन दिवस पाणी थांबले तरी शेतकऱ्याचा जीव वरखाली होतो. म्हणजे मिलचे दार बंद झाले, तरी त्याची विद्या शेताच्या बांधावर चालणार होती.

मग पहिला दिरहम. घर चालले पाहिजे. पत्नीला शिवणकाम येते, मोठ्या भावाने दोन महिन्यांच्या किराण्याची जबाबदारी घेतली आणि त्याने स्वतः आठवड्यातून तीन दिवस मिळेल ती मजुरी करायचे ठरले. दुसरा दिरहम अवजारांचा: मल्टिमीटर, बेअरिंग पुलर, पाने-पक्कड. मुदत पंधरा दिवसांची.

पंधराव्या दिवशी तो आला. चार मोटारी केल्या होत्या. त्यातली एक पुन्हा जळाली आणि पैसे परत करावे लागले. तो खजील होता. मी म्हणालो, "ही चौथी मोटारच तुझी शिक्षक. रिवाइंडिंग नीट शिकायचं राहिलंय, हे तिनेच सांगितलं." आता तो दुपारी एका जुन्या मिस्त्रीकडे बसतो आणि प्रशिक्षणाच्या बॅचसाठी नाव दिले आहे.

अशा प्रशिक्षणाच्या जागा आपल्याला माहीत नसतात, म्हणून इथे लिहितो.

पहिली, बँकांमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी. हा नमुना १९८२ मध्ये कर्नाटकातील उजिरे येथे सुरू झाला आणि पुढे केंद्र सरकारने तो देशातील जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. प्रशिक्षण, राहणे आणि जेवण मोफत असते. अभ्यासक्रमांत मोटार रिवाइंडिंग आहे, शिवणकामही आहे. पुढची बॅच कोणती आणि वयाची अट काय, हे कार्यालयात जाऊन विचारावे.

दुसरी, जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. महास्वयम पोर्टलवर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत.

तिसरी, १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना. तिच्यात शिंपी, गवंडी, सुतार, लोहार, न्हावी असे १८ व्यवसाय आहेत. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. एका कुटुंबातून एकालाच लाभ घेता येतो. योजनेत ५ टक्के व्याजाचे कर्जही आहे. व्याज नको म्हणून आपले अनेक बांधव योजनेचे नाव ऐकताच मागे फिरतात. पण कर्ज घेणे सक्तीचे नाही. प्रशिक्षण आणि अवजारे कर्जाशिवायही घेता येतात.

एक सावधगिरीही हवी. नोकरी लावून देतो म्हणून कुणी आधी पैसे मागितले, तर दूर राहा. आखाती देशात जायचे असेल, तर एजंट नोंदणीकृत आहे का, ते ई-मायग्रेट पोर्टलवर तपासल्याशिवाय पासपोर्ट कुणाच्या हाती देऊ नका.

आणि घरच्यांसाठी दोन शब्द. नोकरी गेलेल्या माणसाला जेवताना कामाचे विचारू नका. अमक्याचा मुलगा कुठे पोहोचला, हे त्याच्यासमोर सांगू नका. मुलांसमोर खर्चाचा हिशेब काढू नका. त्याऐवजी एखाद्या संध्याकाळी जुन्या कॅलेंडरचा कागद घ्या आणि त्याला येणारी कामे त्याच्याबरोबर बसून लिहा. त्याला आठवणार नाहीत, तुम्हाला आठवतील. मोहल्ल्यात कुणाला शक्य असेल, तर त्या प्याल्यासाठी दोन दिरहम देणारे व्हा. पहिली मोटार त्याच्याकडेच द्या आणि मजुरी पूर्ण द्या.

गेल्या जुम्याला तो सलाम फिरवल्यावरही बसून होता. कुणीतरी विचारलेच, "सध्या काय चाललंय?"

"मोटारी दुरुस्त करतो," तो म्हणाला. "तुमची बिघडली तर सांगा."