बॅबिलॉन कुणाचं, सैतान कुणाचा?

गेल्या अंकात आपल्या एका पोराची कविता छापली. पोरगं माझ्याच पाळीला गोदीत माल उतरवतं. कवितेत त्यानं जातिव्यवस्थेला बॅबिलॉन म्हटलं, आणि मुकादमाच्या शिट्टीतून सैतान बोलतो असं लिहिलं. झालं! चार पत्रं आली. एक म्हणतो, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांच्या अंकात हा बायबलचा माल कशाला? दुसरा म्हणतो, ही रॉकवाल्या गर्दुल्ल्यांची नक्कल आहे. तिसऱ्याला धर्मांतराचा वास आला. चौथं पत्र छापण्यासारखं नाही. पोरगं बैठकीला आलं, कोपऱ्यात बसलं, आणि जाताना जय भीम करून म्हणालं, "दादा, माझं आता काय छापू नका."

ते मला लागलं. म्हणून हे लिहितोय.

मी मॅट्रिक. इंग्रजी गाणं मला पहिल्या झटक्यात कळत नाही. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर लावतो, रात्री डिक्शनरी घेऊन बसतो, एकेक शब्द सोलतो. दोस्तांनो, असं सोललं की कळतं, धर्माची भाषा उलटी करून वाचायची ही रीत आपल्या घरातलीच आहे. जोतीबांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त दशावतार असेच वाचले. भटांनी वामनाला देव केला. जोतीबांनी विचारलं, ज्याला पाताळात घातला तो बळी कोण होता? आणि पुस्तक अर्पण कुणाला केलं? अमेरिकेत काळ्यांना गुलामीतून सोडवणाऱ्या तिथल्या लोकांना. म्हणजे ही नाळ माझ्या मोबाईलनं जोडलेली नाही.

आता बॅबिलॉन घ्या. माझ्या मामाकडे बोनी एमची कॅसेट होती. हळदीला 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' लागायचं, अख्खी चाळ नाचायची. मीही नाचलोय. कशावर नाचलो हे पुढं कळलं. इसवीसनापूर्वी ५८६ च्या सुमारास बॅबिलॉनच्या राजानं जेरुसलेम पाडलं, तिथल्या ज्यूंना कैद करून नेलं. कैदी नदीकाठी बसून रडतायत, आणि पकडून नेणारे वर त्यांनाच म्हणतात, गा की तुमच्या गावाकडचं एखादं गाणं! बायबलातलं १३७ वं स्तोत्र ते हेच. कैद्यांनी वाद्यं झाडाला टांगून ठेवली. परक्याच्या मुलखात आमचं गाणं कसं गायचं, हा त्यांचा सवाल.

हलगी आठवा. पाटलाच्या मांडवात, देवाच्या छबिन्यापुढं आपल्या आज्यापणज्यांनी हलगी बडवली. देवळात शिरायचं नाही, बाहेर उभं राहून वाजवायचं. जो विटाळ मानतो त्याचीच करमणूक करायची. ज्या दिवशी बापजाद्यांनी हलगी खुंटीला टांगली आणि आता वाजवणार नाही म्हणून सांगितलं, त्या दिवशी किती गावांत बहिष्कार पडले! पिठाची गिरणी बंद, किराणा बंद. त्यांना कुणी स्तोत्र वाचून दाखवलं नव्हतं.

हे स्तोत्र १९७० साली जमैकाच्या मेलोडियन्सनी गायलं, रास्ता पंथाच्या बोलीत. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांच्या वंशजांनी १९३० च्या दशकात उभा केलेला हा पंथ. त्यांच्या तोंडी बॅबिलॉन म्हणजे पोलीस, कोर्ट, गोरी सत्ता, आणि तिची तळी उचलणारे काळे साहेबसुद्धा. १९६३ साली कोरल गार्डन्सच्या प्रकरणात पोलिसांनी रास्तांना धरून धरून मारलं, त्यांच्या जटा कापल्या. सरकारनं माफी मागितली ती २०१७ साली. तर मेलोडियन्सनी स्तोत्रातला 'प्रभू' काढला आणि तिथं रास्तांचा राजा बसवला. एवढाच बदल. पण अडीच हजार वर्षांपूर्वीची नदी किंग्स्टनच्या झोपडपट्टीतून वाहायला लागली.

१९७८ साली जर्मनीतल्या फ्रँक फेरियननं बोनी एमकडून तेच गाणं गाऊन घेतलं. गाणारी लिझ मिचेल जमैकातच जन्मलेली, हे विशेष. रेकॉर्डीत राजा गेला, प्रभू परत आला. एकट्या ब्रिटनमध्ये वीस लाखांवर खप झाला. बॅबिलॉन तेवढं नावापुरतं उरलं, त्यातला पोलीस निघून गेला. म्हणून तर आम्ही हळदीला नाचू शकलो.

आणखी एक सांगतो. दोन्ही रेकॉर्डींत स्तोत्राचा शेवट नाही. शेवटी तो कैदी बॅबिलॉनची पोरं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणतो. त्याच्या जागी १९ व्या स्तोत्रातली गोड विनवणी जोडलीय. मी तो शेवट गाणार नाही, पोराबाळांशी आपलं वैर नाही. पण तो तिथं आहे हे ठाऊक पाहिजे. आपलं रडणं वाचून पाणावणारे पांढरपेशे समीक्षक आपला राग आला की पान उलटतात, तसंच हे.

सैतानाची गोष्ट वेगळी. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सब्बाथला सैतानपूजक म्हणून बदनाम केलं. ही कामगारवस्तीतली पोरं. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. सतराव्या वर्षी, कामाच्या शेवटच्या दिवशी, उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनीत गेली. पठ्ठ्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, बोटांना चढवली आणि परत गिटार धरली. पुढं तारा सैल केल्या, सूर खाली उतरला. गोदीत बोटं गेलेली माणसं मी रोज बघतो. तो जड आवाज मला समजावून सांगायला नको.

त्यांच्या १९७० च्या 'पॅरानॉइड' रेकॉर्डीत 'वॉर पिग्ज' आहे. व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं. शब्द मुख्यतः गीझर बटलरचे, कॅथलिक घरातला पोरगा. आधी नाव होतं 'वॉलपर्गिस', म्हणजे चेटकिणींची रात्र. पण चेटूक करतंय कोण? सेनापती. युद्ध लावणारे राजकारणी मागं लपतात, मरायला गरीब जातो. शेवटी न्यायाचा दिवस उगवतो, आणि सैतानाच्या तावडीत सापडतात ते हेच साहेब लोक. यात सैतानाची पूजा कुठं दिसली? मला खटकतं ते वेगळंच. हिशेब वरून कुणीतरी चुकता करणार, आपण वाट बघायची! त्यापेक्षा बॉब मार्ले आणि पीटर टॉश मला जवळचे. १९७३ च्या 'गेट अप, स्टँड अप'मध्ये त्यांनी मेल्यावरच्या स्वर्गाचं आमिष दाखवणाऱ्या पाद्र्यालाच उडवून लावला.

पण त्यांच्याही बाबतीत डोळे मिटायचे नाहीत. रास्तांनी इथिओपियाचा बादशहा हैले सेलासी देव मानला. त्याच्याच राज्यात १९७३ साली वोलो प्रांतात माणसं भुकेनं मेली. १९७४ साली सैन्यानं त्याला खाली खेचलं, १९७५ साली तो मेला, तर बॉबनं तो जिवंत असल्याचं गाणं काढलं. बॉब मला प्रिय आहे, पण इथं मी त्याच्याबरोबर नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीत बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. ते बादशहाला लागू, तसंच आपल्या गटातटांच्या नेत्यांच्या फ्लेक्सलाही लागू.

पत्रलेखक मित्रांनो, प्रतिज्ञा देव न मानण्याची आहे, पोथी न उघडण्याची नाही. 'रिडल्स' लिहिताना बाबासाहेबांनी वेदपुराणं उघडलीच की.

आता त्या पोराशी बोलतो. गड्या, तुझ्या कवितेत नदी आहे, पण ती कुठली? आपल्या झोपडपट्टीला लागून मिठी वाहते, तिचा वास तुझ्या ओळीत नाही. आणि सैतान तू चुकीच्या माणसाच्या तोंडी घातलास. मुकादम आपल्यातलाच, त्याची हजेरी कंत्राटदाराच्याच वहीत लागते. सब्बाथवाल्यांनी थेट सेनापतीला पकडला, तू शिपायावर थांबलास. कंत्राटदार तुझ्या कवितेतून सुटला.

तरी कविता या अंकात परत छापलीय, आहे तशी, एक काना-मात्रा न बदलता. नवी कविता त्यानं अजून दिली नाही. सोमवारी दुसऱ्या पाळीला भेटेल, तेव्हा मागणार आहे.