सुगरण, कुंजपक्षी आणि निवडणारी मादी

बहिणाबाई चौधरींची 'खोपा' ही कविता शिकवून झाली की आम्ही वर्गात एक माहिती सहज जोडून देतो : हा खोपा मादी नव्हे, नर विणतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने त्यावर विचारले, "मग सर, कवितेतली माय खोटी का?" कवितेचे सत्य निराळे असते, असे ठेवणीतले उत्तर देऊन आम्ही तास संपवला. ते उत्तर अपुरे होते, असे आता आम्हांस वाटते.

आधी वस्तुस्थिती पाहू. आमच्या बीड जिल्ह्यात पावसाळा स्थिरावला की विहिरीवर वाकलेल्या बाभळींना सुगरणीचे खोपे लटकू लागतात. या दिवसांत नराचे डोके पिवळेधमक होते. गवताच्या आणि पात्यांच्या लांब चिरफळ्या काढून तो खोपा अर्धा विणतो आणि पंख फडफडवीत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरून पाहते. पसंत पडला तर राहते, नाही तर पुढच्या खोप्याकडे उडून जाते. पसंती मिळालेला खोपा नर पुरा करतो. मग मादी आतली मऊ बैठक सजवते, अंडी घालते आणि पिलांचा बहुतेक भार एकटी वाहते. नर मात्र दुसरा खोपा विणायला घेतो. सालिम अली यांनी 1930 साली किहीम येथे या पक्ष्याचे निरीक्षण करून हा क्रम उलगडून दाखवला. नापसंत ठरलेले अर्धवट खोपे झाडाला तसेच लोंबत राहतात.

म्हणजे बहिणाबाई चुकल्या काय? आम्हांस तसे वाटत नाही. शेतातल्या झाडाखालून पाहणाऱ्या बाईला पिलांसाठी दिवसभर खोप्यात ये-जा करणारा जो जीव दिसतो, ती बहुतेक वेळा मादीच असते. त्यांनी पाहिलेले मातृत्व खरे आहे. फक्त त्या मातृत्वाच्या आधीचा एक क्षण कवितेत आलेला नाही, आणि तो निवडीचा आहे. कवितेने सर्व काही सांगावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. प्रश्न आहे तो 1952 साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाल्यापासून ही कविता शिकवणाऱ्या आम्हा मंडळींचा. आम्ही त्या पक्षिणीला कष्टाळू गृहिणीच्या चौकटीत बसवले आणि तिथेच ठेवले.

यात भाषेचाही हात आहे. मोर, पोपट, कावळा पुल्लिंगी. मैना, साळुंकी, सुगरण स्त्रीलिंगी. डोळे पाहण्याआधीच व्याकरण निकाल देऊन टाकते. त्यात 'सुगरण' हा शब्द चूल सांभाळणाऱ्या कुशल बाईचा. नराने विणलेल्या घराचे श्रेय बाईला मिळाले, हे वरवर औदार्य दिसते. पण त्या मोबदल्यात तिचा निवडीचा हक्क आमच्या दृष्टीआड झाला.

हा हक्क नीट दिसावा म्हणून जरा दूर जाऊ. न्यू गिनी बेटाच्या पश्चिमेकडील डोंगराळ जंगलात 'बॉवरबर्ड' कुळातला एक पक्षी राहतो; आपण त्याला कुंजपक्षी म्हणू. हा नर दिसायला अगदी साधा, मातकट तपकिरी. पण एका रोपाच्या खोडाभोवती तो काटक्यांची शंकूच्या छपराची झोपडी रचतो, पुढे शेवाळाचे अंगण करतो आणि त्यावर फुले, फळे, किड्यांचे चमकदार पंख रंगांनुसार वेगवेगळ्या ढिगांत मांडतो. इटालियन निसर्गशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांनी 1872 साली आर्फाक पर्वतात या कुंजाचा शोध घेतला. नवल असे, की या कुंजात कोणी राहत नाही. मादी निरनिराळे कुंज पाहत हिंडते, एक निवडते, आणि नंतर आपले घरटे दुसरीकडे स्वतःच बांधून पिले एकटी वाढवते. कुंजपक्ष्यांच्या या कुळात नराची पिसे जितकी साधी तितका कुंज अधिक सजलेला, असे अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ गिलियर्ड यांनी 1956 साली मांडले. आमच्याच पाटोदा तालुक्यातील नायगावच्या मयूर अभयारण्यातला मोर जे वैभव अंगावर वागवतो, ते या पक्ष्याने अंगावरून उतरवून अंगणात ठेवले आहे, म्हणा ना! सुगरणीच्या नराने तेच घराच्या विणीत घातले. तिन्ही ठिकाणी पारखणारी नजर मादीची.

डार्विनने 1871 साली ही मादीची निवड विस्ताराने मांडली, तेव्हा ती अनेक विद्वानांना पटली नाही. त्याचा सहप्रवासी वॉलेसही तिच्याविषयी साशंक राहिला. मादी पारख करते, हे मान्य करणे जड गेले. आमच्या रसग्रहणांनाही ते जडच गेले आहे.

पक्ष्यांवरून माणसांचे धडे काढू नयेत, हे आम्ही जाणतो. कुंजपक्ष्याला कलावंत म्हणणे आणि सुगरणीला गृहिणी म्हणणे, दोन्ही माणसाचीच आरोपणे. पण आरोपण करायचेच, तर नेहमी एकच का? आमच्या वर्गात बसणाऱ्या कित्येक मुलींचे बालपण साखर कारखान्यांच्या तळावर, ऊसतोडीच्या कोपीत गेले आहे. तिथे नवराबायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. बाईच्या कष्टाचे गुणगान या मुलींना नवे नाही. ते त्या घरी रोज पाहतात. ज्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे केवळ 807 मुली होत्या, आणि जिथे मुलीचे लग्न बहुधा तिला न विचारता ठरते, तिथे त्यांच्या कानी क्वचितच पडते ती दुसरी गोष्ट : पाहून, पारखून, नको म्हणून निघून जाणारीची.

म्हणून त्या विद्यार्थिनीला आज आम्ही असे सांगू : माय खोटी नाही. पण ती माय होण्याआधी चार खोपे नाकारून आली असेल, आणि तेही वाचनात आले पाहिजे. कविता शिकवताना आम्ही आता वर्गाला विहिरीवर नेतो आणि पुऱ्या झालेल्या खोप्यांच्या आधी ते अर्धवट, रिकामे खोपे दाखवतो.