आमच्या मुलांची नोंद घ्या

भिलाईत ‘आम्ही मुलांना घरीच शिकवतो’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘फिर जेईई का क्या?’ साहजिक आहे. चौकाचौकांत कोचिंगच्या पाट्या लागलेलं हे पोलाद कारखान्याचं गाव. पण या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. थोरली एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसेल. त्यासाठी १४ वर्षं पूर्ण हवीत, किमान ५ विषय घ्यावे लागतात, ५ वर्षांत ९ संधी मिळतात आणि तिथली बारावी जेईईला चालते. चौदाव्या वर्षापासूनची वाट सरकारने नीट आखून दिली आहे. माझं म्हणणं आहे ते त्याआधीच्या आठ वर्षांबद्दल.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे त्याच्या कलम १० नुसार पालकाचं कर्तव्य आहे. न घातल्यास पालकाला शिक्षा नाही. आणि घरी शिकवण्याबद्दल हा कायदा एक अक्षर बोलत नाही. त्यामुळे माझी मुलं कागदोपत्री फार तर ‘शाळाबाह्य’. विज्ञान स्पर्धेचा अर्ज असो की मैदानी सामन्यांचा, खाली मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का लागतो. आमच्याकडे दोन्ही नाही, म्हणून मुलं बाहेर.

घरी शिकवायचं ठरलं त्यामागे कुठलं मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. नवऱ्याची नोकरी कारखान्यात, शिफ्टची. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मुलं शाळेतून यायच्या आत तो ड्युटीवर गेलेला असायचा आणि तो परतायचा तेव्हा ती झोपलेली. आता त्या आठवड्यातल्या सगळ्या सकाळी त्यांच्या असतात. पोहे होतात, भाजी निवडून होते आणि गणित बाबांकडे असतं.

ते गणित कसं चालतं, एकदाच सांगते. रेल्वे कॉलनीच्या कडेला जुन्या रुळांचे तुकडे खांब म्हणून पुरले आहेत. धाकट्याने एकावर कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली. उठावाची अक्षरं कागदावर उतरली: ५२, सेल, मग दोन उभ्या रेघा आणि १९९१. ‘अकरावा महिना?’ त्याने विचारलं. ‘नाही रे, रोमन आकडा आहे. फेब्रुवारी,’ थोरली म्हणाली. रूळ कोणत्या महिन्यात लाटला, मीटरला किती किलोचा, हे सगळं त्याच्या अंगावरच असतं. घरी आल्यावर बाबांनी सांगितलं, आता ६० किलोचा रूळ चालतो. आपल्याकडे १३० मीटरचा अखंड रूळ निघतो आणि असे दोन जोडून २६० मीटरचा होतो. वजन किती? धाकट्याने पाटीवर गुणाकार मांडला: १५,६०० किलो. एवढं लांबलचक धूड मालगाडीवरून नेताना वळणावर लवतं, हे काही त्याला पटेना. मग खराट्याची एक काडी अख्खी आणि एक मोडून, दोन्ही वाकवून बघत तो जेवायचं विसरला.

लोखंड येतं कुठून हे बघायला आम्ही दुर्गहून गाडीने दल्ली-राजहराच्या खाणींकडे गेलो. तांबडी माती मुलांच्या चपलांना लागली ती लागलीच. तिथे शहीद हॉस्पिटल आहे. खाणमजुरांनी आपल्या घामाच्या पैशातून उभारलेलं, १९८३ सालचं. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ ला हत्या झाली. थोरलीने सालावरून लगेच ओळखलं, ‘आई, आपल्या रुळाचंच साल.’ मग परतीच्या गाडीत प्रश्न सुरू झाले. दवाखाना मजुरांना स्वतःच का बांधावा लागला? नियोगींना का मारलं? मला जमेल तितकं मी सांगितलं. बाकीचं ती अजून वाचते आहे. कुठल्या इयत्तेच्या कुठल्या धड्यात हे बसतं ते मला माहीत नाही, आणि त्याने काही अडत नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई शाळेत शिकल्या नाहीत; आजोबांच्या तोंडून महाभारत ऐकत पंडवानी गायन शिकल्या आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण झाल्या. घरी शिकण्याच्या बाजूने त्यांचं नाव हौसेने घेतलं जातं. ते घेऊ नये. शाळा नाकारणं ही त्यांची निवड नव्हती, शाळा त्यांच्या वाट्यालाच आली नव्हती. आजही धाकटी भावंडं सांभाळायला घरी ठेवलेल्या मुलीबद्दल उद्या कुणी ‘आम्ही घरीच शिकवतो’ म्हणू लागला, तर तिला वाचवणार कोण? म्हणून घरी शिकवणाऱ्यांना मोकळं सोडा, असं मी म्हणत नाही. आमची नोंद घ्या, असं म्हणते.

जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा पालकाने एक पानाचा अर्ज भरावा. वर्षातून एकदा शाळा संकुलातल्या शिक्षकाने घरी यावं, मुलाशी बोलावं, वह्या बघाव्यात. पाठ्यपुस्तकाची परीक्षा घेऊ नये. मूल वाचतं का, हिशेब करतं का, धीटपणे बोलतं का, एवढं पाहावं. जिथे शिकणं दिसणार नाही, तिथे मुलाला शाळेत घालायला लावावं. कलम ४ नुसार अशा मुलाला वयाप्रमाणे योग्य वर्गात प्रवेश द्यावाच लागतो, म्हणजे परतीचा दरवाजा कायद्याने आधीच उघडा ठेवला आहे. आणि जिथे शिकणं दिसेल, तिथे एक नोंदणी क्रमांक द्यावा, जो स्पर्धेच्या अर्जावर शाळेच्या शिक्क्याच्या जागी चालेल.

हातात कागद नसला की काय होतं ते मुंबईच्या मालविका जोशीच्या बाबतीत देशाने पाहिलं आहे. सातवीत शाळा सोडलेल्या या मुलीने आंतरराष्ट्रीय इन्फॉरमॅटिक्स ऑलिंपियाडमध्ये भारतासाठी तीन पदकं आणली. बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं म्हणून आयआयटीचं दार बंद राहिलं आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने तिला घेतलं. शिक्षण १९७६ पासून समवर्ती सूचीत आहे, म्हणजे राज्यालाही त्यावर कायदा करता येतो. घरी शिकणाऱ्यांची एक वही घालायला रायपूरच्या राज्य सरकारला दिल्लीकडे बघत बसण्याचं कारण नाही. येत्या जूनपासूनही ती सुरू करता येईल. भिलाईतला पहिला अर्ज आम्ही भरू.