एकविसावा प्रश्न

दिवाळीच्या तोंडावर वऱ्हाडात कापूस फुटतो. पहिल्या वेचणीला शेतात सीतादही होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवला जातो आणि मग बायांच्या ओटीत कापूस पडू लागतो. थोड्याच दिवसांत जिनांच्या आवारात ढीग लागतात. नवा कापूस आणि दिवाळी अंक आमच्याकडे एकाच सुमारास घरी येतात.

यंदाचा अंक आम्ही काम आणि कामाची माणसं या विषयाला दिला आहे. त्यामागे गेल्या हंगामातली एक लहानशी गोष्ट आहे.

दर्यापूर तालुक्यातली एक मुलगी अकोल्यात एमबीए करते. दुसऱ्या वर्षाला तिनं मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय घेतला. प्रकल्पासाठी कर्मचाऱ्यांचं समाधान मोजायचं होतं, म्हणून वीस प्रश्नांची छापील प्रश्नावली घेऊन ती एका जिनात गेली. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकटी होत्या, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत. दुपारच्या सुट्टीत रेजा, म्हणजे मजूर बाया, तिच्याभोवती बसल्या. वरिष्ठांशी संवाद होतो का, बढतीची संधी मिळते का, निर्णयात सहभाग असतो का, असे विसही प्रश्न विचारून झाले. तेव्हा एक जण म्हणाली, “पोरी, सम्दं इचारलं तुनं. पन लेकरू कुठी ठेवाव, ते तं इचारलंच नाई.” तिच्या बाजूला, कापसाच्या ढिगाला टेकून, दोनेक वर्षांचं पोर झोपलं होतं. त्याच्या पापण्यांवर रुईचे तंतू बसले होते.

ही हकिकत सांगताना मुलीचा आवाज कापत होता. “सर, हा एकविसावा प्रश्न मला सुचलाच नाही. माझी आई अशीच मला धुऱ्यावर निजवून निंदायला जायची. तरी सुचला नाही.”

आम्हाला बोचलं ते तिचं शेवटचं वाक्य. स्वतःच्या आईला जे भोगावं लागलं, ते तिच्याच लेकीला परीक्षेचा विषय म्हणून ओळखता येऊ नये, हे कसं झालं?

खरं म्हणजे तो प्रश्न कायद्यानं कधीच विचारून ठेवला होता. १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, अशी तरतूद होती. पाचशे किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमायचा, हेही त्यातच होतं. आज ज्याला सगळे एचआर म्हणतात, त्या पेशाचं आपल्या देशातलं एक मूळ या कल्याण अधिकाऱ्यात आहे. पिण्याचं पाणी, पाळणाघर, जेवायला सावलीची जागा, यांची काळजी घेता घेता ही विद्या वाढली. त्याच्याही मागे गेलं तर नारायण मेघाजी लोखंडे भेटतात. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती त्यांच्या लढ्यामुळे. कामगारविषयक शिक्षणासाठी १९४७ मध्ये मुंबईत निघालेली सरकारी संस्था आज त्यांच्याच नावानं चालते. मनुष्यबळाच्या पहिल्या तासाला लोखंड्यांचं नाव फळ्यावर यायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आणि आपल्या वऱ्हाडाला ही विद्या काही परकी नाही. गुढीपाडव्याला सालदार, म्हणजे वर्षाचा गडी, ठरवायची रीत आठवा. धान्य किती, रोकड किती, कपडे किती, सणाची रजा कोणती, हे ओसरीवर बसून तोंडी ठरायचं आणि वर्षभर पाळलं जायचं. त्यात अन्यायही पुष्कळ होता. सालदाराचं सगळं घरच मालकाच्या दावणीला बांधलं जायचं, हे विसरून चालणार नाही. तो अन्याय आणि त्यातला शब्द पाळायचा रिवाज, दोन्ही अभ्यासाचे विषय आहेत. निंदणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी घ्या. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाला उचल हवी, कोणाशी कोणाचं पटत नाही, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. मजुरीची बोलणी तीच करते आणि सकाळी सातला वीस बाया बांधावर उभ्या करते. भरती, वाटाघाट आणि तंटा मिटवणं ही पाठ्यपुस्तकातली तिन्ही प्रकरणं ती रोज जगते.

शेगावचं संस्थान तर आपल्या अंगणातलंच. शिवशंकरभाऊ पाटलांनी तिथे जी घडी बसवली ती पाहायला देशभरातून लोक येतात. पाळीपाळीनं येणारे सेवाधारी बिनमोल राबतात. रांगेतल्या माणसाला पुढे सरकायला सांगतानाही ‘माउली’ म्हणूनच हाक मारतात. गर्दी आवरायची ती आदरानं, हे तिथे एका शब्दातून शिकायला मिळतं. आणि ज्यांच्या नावाचं आपलं विद्यापीठ, ते गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घ्यायचे. हुकूम कोणालाच नसायचा. बाबा झाडताहेत हे पाहून गावच झाडायला लागायचं. दुसऱ्यानं काम करावं असं वाटत असेल तर आधी आपण वाकावं लागतं, हे नेतृत्वाच्या कोणत्याही प्रकरणाच्या आरंभी लिहिण्याजोगं आहे.

१९३२ च्या सुमारास डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि कुणब्याची, माळ्याची, मजुराची पोरं वर्गात आणून बसवली. १ मे १९८३ ला अमरावतीत विद्यापीठ आलं. आज मुलांना व्यवस्थापनाची पदवी घ्यायला घरदार सोडावं लागत नाही, ही मोठी कमाई आहे. आमच्या ओळखीतले प्राध्यापक तुटपुंज्या मानधनावर, तासिकांवर जीव तोडून शिकवतात, हेही आम्ही रोज पाहतो. उणीव आहे ती पुढच्या पावलाची. मुलं वर्गात आली, पण त्यांचं गाव वर्गात आलं नाही. उदाहरणं दूरच्या कंपन्यांची, प्रकल्प मागच्या वर्षीच्या प्रकल्पावरून उतरवलेला, आणि पदवी मिळाली की रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुणं गाठायचं.

जाणाऱ्यांना आमचे आशीर्वादच आहेत. पण इथेही माणसं लागणार आहेत. अकोल्याच्या सावतराम मिलचा, बडनेऱ्याच्या विजय मिलचा भोंगा थांबला, त्याचं दुःख अजून घराघरांत आहे. आता अमरावतीजवळ नांदगाव पेठेला हजार एकरांवर पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क व्हायचं आहे. २० सप्टेंबर २०२४ ला त्याची पायाभरणी झाली. उद्या तिथे शिवणयंत्रावर बसणारी मुलगी भातकुलीची, चांदूरबाजारची असेल. तिच्या हजेरीचा, रजेचा, पगाराचा कागद ज्याच्या हाती असेल त्याला पोळा कळायला हवा, तिची वऱ्हाडी बोली कळायला हवी, शेवटची एसटी किती वाजता सुटते हेही ठाऊक हवं. हे जाणणारं माणूस इथल्याच कॉलेजातून निघायला हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. त्या संहिता मजुरांना मराठीत समजावून सांगायलाही याच मुलामुलींची गरज आहे.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. प्रत्येक विद्यार्थ्यानं एक अख्खा हंगाम एका कामाच्या जागी काढावा. ती जागा जिन असो, दालमिल असो, बाजार समितीचं यार्ड असो की दवाखाना. तिथला हजेरीपट स्वतः भरावा आणि त्यातल्या प्रत्येक नावामागचं माणूस ओळखावं. प्राध्यापकांनी भविष्य निर्वाह निधीचा हिशेब त्याच हजेरीपटावरून शिकवावा. आणि आमच्या पतसंस्थाचालकांनी, कारखानदारांनी, डॉक्टरांनी शिकलेलं एक तरी माणूस या कामासाठी पूर्ण पगारावर नेमावं. माणसं सांभाळणं हे सवडीनं करायचं काम आहे, ही समजूत आता सोडायला हवी.

या अंकात हमालांच्या, परिचारिकांच्या, एसटी वाहकांच्या, टोळीच्या म्होरक्या बायांच्या मुलाखती आहेत. त्यातल्या बऱ्याच विद्यार्थ्यांनीच घेतल्या आहेत. त्यांना आम्ही एकच सूचना दिली होती: छापील प्रश्न संपले की वही मिटू नका, थोडा वेळ तिथेच बसा. त्या थोड्या वेळात जे ऐकायला मिळालं, तेच या अंकाचं धन आहे.

दर्यापूरच्या त्या मुलीनं आपला प्रकल्प नव्यानं लिहिला. त्याच्या शेवटच्या पानावर तिनं जिनातल्या एका रिकाम्या खोलीचा नकाशा काढला आहे. दोन पाळणे कुठे टांगता येतील, माठ कुठे ठेवता येईल, खिडकीला जाळी कुठे हवी, हे पेन्सिलनं आखलं आहे. पाळणे अजून टांगले गेलेले नाहीत. नकाशा मात्र तिनं मालकाच्या हाती नेऊन दिला आहे आणि यंदाच्या हंगामात ती पुन्हा विचारायला जाणार आहे.

 

— संपादक